पॉइंटच्या बुलेटचे टायमिंग : हात लावण्यापूर्वी आणि लावताना

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकू लागला की जुन्या बुलेटच्या तक्रारी गॅरेजमध्ये एकामागून एक येऊ लागतात. कुणाची गाडी सकाळी पहिल्या किकमध्ये सुरू होते, पण दुपारी रस्त्यात बंद पडली की तासभर सावलीत उभी केल्याशिवाय उठत नाही. कुणाची लळिंग घाटाच्या चढाला लागली की इंजिनातून खणखण आवाज येतो. कुणाची किक उलटी येऊन घोटा सुजतो, तर कुणाचा सायलेन्सरचा पाइप हेडजवळ निळा पडतो आणि गाडी साठच्या पुढे ओढतच नाही. या साऱ्या तक्रारींवर बहुतेक ठिकाणी एकच उपाय सांगितला जातो : टायमिंग, म्हणजे प्लगला ठिणगी पडण्याची वेळ, थोडे पुढे-मागे करून पाहा. कधी त्याने तात्पुरता फरक पडतोही, आणि तिथेच खरा घोटाळा सुरू होतो, कारण मूळ दोष जागेवर राहतो आणि टायमिंगही त्याच्या ठिकाणावरून हलते.

पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणारी टोके), कंडेन्सर, ऑटो अ‍ॅडव्हान्स, डिस्ट्रिब्युटरची (ज्या डबीत पॉइंट बसतात तिची) शाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट हे सगळे ठीक असल्याची खात्री झाल्यावर, सर्वांत शेवटी आणि मोजमापानेच टायमिंगला हात लावावा, असे माझे ठाम मत आहे. केवळ कानाने लावलेले टायमिंग पॉइंट नवे असताना बरे वाटते. पॉइंट झिजले की तोच कान फसवतो.

येथे दिलेली मापे ३५० सीसी बुलेटच्या बिडाच्या सिलिंडरच्या, बॅटरी-कॉइलवर चालणाऱ्या पॉइंटच्या इंजिनाची आहेत. ७० मि.मी. बोअर आणि ९० मि.मी. स्ट्रोकचे हे ३४६ सीसी इंजिन मुळात इंग्लंडमधील रेडिचचे असून १९५५ मध्ये एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाल्यानंतर ते मद्रासला बनू लागले. रावेर-यावलच्या केळीच्या बागांपासून साक्री-नवापूरच्या डोंगराळ रस्त्यांपर्यंत या गाड्या आजही रोजच्या वापरात दिसतात, आणि त्यांतील अनेकांच्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण वर्षानुवर्षे उघडलेलेही नसते.

लक्षणे नीट वाचावीत

पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेट घेऊन त्याचा पूर्ण दाब तयार व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या किंचित आधी प्लगला करंट मिळावा लागतो. इंजिनाचा वेग वाढला की हाच वेळ तुलनेने अपुरा पडतो, त्यामुळे ठिणगी आणखी लवकर पडावी लागते आणि ते काम पॉइंटच्या प्लेटखाली बसलेले ऑटो अ‍ॅडव्हान्सचे वजन व स्प्रिंग करतात.

ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडत असेल तर किक उलटी येते, आयडलिंग अडखळते, आणि वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर अ‍ॅक्सिलरेटर दिला की धातूवर धातू आपटल्यासारखी खणखण ऐकू येते. ती खणखण दुर्लक्षिण्यासारखी नसते. तसेच चालवत राहिल्यास पिस्टनचा माथा आणि रिंगा यांची हानी होते. ठिणगी उशिरा पडत असेल तर किक अगदी सौम्य लागते, गाडी जड चालते, पेट्रोल जास्त पिते, आणि जळण्याचे काम एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत रेंगाळल्यामुळे हेड व सायलेन्सरचा पाइप अतोनात तापतो. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून टायमिंग आणखी मागे घेणारे पुष्कळ जण भेटतात. उशिरा पडणारी ठिणगीही इंजिन तापवते, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

मात्र हीच लक्षणे दुसऱ्या कारणांनीही उमटतात. कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधल्या जोडातून हवा ओढली जात असेल किंवा मेन जेटमध्ये (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलच्या बारीक भोकात) कचरा असेल, तर मिश्रण पातळ होऊन, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडून, गाडी तापते आणि खणखणतेही. हेडमध्ये वर्षानुवर्षांची काजळी साठली असेल तर तिचा लालभडक कण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलची खणखण रोखण्याची क्षमता चांगली असली, तरी त्याला जळण्यासाठी हवा कमी लागते, म्हणजेच जुन्या जेटिंगवर तेच मिश्रण पातळ ठरते. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दिला असता गाडी क्षणभर गुदमरत असेल तर आधी कार्ब्युरेटरकडे पाहावे. पातळ मिश्रणाचा दोष टायमिंगने झाकला जात नाही.

पॉइंट

डिस्ट्रिब्युटर उजव्या बाजूला, सिलिंडरच्या मागे असतो. त्याचे झाकण काढण्यापूर्वी सभोवतालची धूळ ब्रशने झाडून घ्यावी, कारण आपल्याकडील काळ्या मातीची बारीक धूळ आत गेली की ती पॉइंट उघडणाऱ्या कॅमवरच्या ग्रीसमध्ये मिसळते आणि पॉइंटची टाच, म्हणजे कॅमवर टेकणारा भाग, घासून काढते. झाकणाचे पॅकिंग बहुतेक गाड्यांत गायबच असते. ते नवीन कापून ठेवावे.

पॉइंट उघडून उजेडात पाहावेत. चांगल्या पॉइंटची दोन्ही टोके सपाट, राखाडी आणि एकमेकांवर पूर्ण टेकणारी असतात. बिघडलेल्या पॉइंटच्या एका टोकावर बाजरीच्या दाण्यापेक्षाही लहान उंचवटा आलेला असतो आणि समोरच्या टोकावर त्याच्याच मापाचा खड्डा पडलेला असतो. अशा पॉइंटमध्ये फिलर गेज (अंतर मोजण्याचे पातळ पाते) घातला तर पाते उंचवट्यावर टेकते, खड्ड्यात शिरत नाही, गेजवर ०.४० मि.मी. दिसत असताना प्रत्यक्ष अंतर त्याहून बरेच जास्त असते. म्हणून गॅप मोजण्याआधी टोके सपाट करणे आवश्यक आहे. बारीक पॉइंट-फाइलने उंचवटा काढावा, खड्डा पूर्ण जाईपर्यंत घासत बसू नये. पॉलिश पेपरचे कण टोकांत रुतून राहतात, म्हणून तो शक्यतो वापरू नये. शेवटी पेट्रोलमध्ये बुडवलेली कोरी कागदाची पट्टी बंद पॉइंटमधून ओढून टोके स्वच्छ करावीत आणि ती पट्टी काळी यायची थांबेपर्यंत पुन्हा ओढावी. टोके जास्त खाल्ली गेली असतील तर नवा पॉइंट घालणे हेच शहाणपणाचे.

त्यानंतर गॅप. गाडी मेन स्टँडवर घ्यावी, प्लग काढावा, चौथा गिअर टाकून मागचे चाक हाताने पुढे फिरवावे आणि कॅमने पॉइंट जास्तीत जास्त उघडला त्या ठिकाणी थांबावे. येथे अंतर ०.३५ ते ०.४० मि.मी. असावे. फिलर गेजचे पाते किंचित अडकत, पण पॉइंटला न ढकलता सरकले पाहिजे. स्क्रू आवळताना गॅप बदलतोच, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा मोजावा.

गॅप आणि टायमिंग एकमेकांना बांधलेले आहेत, ही बाब येथे नीट समजून घ्यावी. गॅप वाढवला की कॅम टाचेला लवकर भिडतो, पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जाते. टाच झिजून गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग मागे पडते. चालता चालता टायमिंग ‘आपोआप सरकले’ असे जे वाटते त्याचे कारण बहुधा हीच झीज असते, आणि अशा गाडीत केवळ गॅप पूर्ववत केला तरी टायमिंग जागेवर येते. उलट प्लेट फिरवून टायमिंग जुळवल्यानंतर मागाहून कुणी गॅपला हात लावला तर सारी मेहनत वाया जाते. म्हणून गॅप आधी, टायमिंग नंतर. हा क्रम कधीही उलटा करू नये. गॅप खूप मोठा ठेवल्यास पॉइंट बंद राहण्याचा काळ कमी होतो, कॉइलला भरायला वेळ मिळत नाही आणि वरच्या वेगात ठिणगी दुबळी पडते.

कॅमवर उष्णता सोसणारे ग्रीस अगदी बोटाच्या टोकाला लागेल इतकेच लावावे. जास्त ग्रीस उडून पॉइंटच्या टोकांवर बसते.

कंडेन्सर

खान्देशातील उन्हाळ्यात टायमिंगच्या नावावर खपवला जाणारा सर्वांत मोठा दोष हाच आहे. पॉइंट उघडण्याच्या क्षणी कॉइलमधील प्रवाह एकदम तुटावा आणि पॉइंटच्या टोकांवर ठिणगी न उडता ती प्लगला मिळावी, यासाठी कंडेन्सर असतो. तो उतरला की पॉइंटवर निळसर-पांढऱ्या, जाड ठिणग्या उडतात, टोके लवकर खाल्ली जातात आणि प्लगची ठिणगी पिवळसर होते. कंडेन्सरच्या आतील इन्सुलेशन उष्णतेने फुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा धरते. त्यामुळे गाडी सकाळी उत्तम चालते, वीस-पंचवीस किलोमीटरवर बंद पडते आणि सावलीत उभी केली की पुन्हा सुरू होते. असे वागणारी गाडी टायमिंगने बिघडलेली नसते, कारण टायमिंग तापमानाप्रमाणे बंद-चालू होत नाही.

यावल तालुक्यातील एका केळी उत्पादकाची गाडी मी पाहिली होती. ‘‘मिस्तरी, टायमिंग पुन्हा सरकलं वाटतं,’’ असे म्हणत त्यांनी ती आणली. झाकण काढले तेव्हा पॉइंटची प्लेट खाचेच्या एका टोकाला जाऊन टेकलेली होती, म्हणजे आणखी पुढे घ्यायला जागाच उरली नव्हती. दर वेळी गाडी बंद पडली की कुणीतरी प्लेट थोडी पुढे ढकलत गेले होते, आणि कंडेन्सर मात्र तोच. नवा कंडेन्सर घातला, पॉइंट बदलले आणि प्लेट मोजून मध्यावर आणली, तेव्हा ती गाडी भर दुपारी थांबून पुन्हा सुरू होऊ लागली. प्लेट खाचेच्या टोकाला टेकलेली दिसली की एवढे ओळखावे की दोष दुसरीकडे आहे. एकतर या गाडीसारखा भलताच दोष टायमिंगने झाकला गेला आहे, टाच पार झिजली आहे, किंवा कॅमच शाफ्टवर चुकीच्या जागी बसला आहे.

कंडेन्सर घेताना तो चांगल्या दर्जाचाच घ्यावा. बाजारात अगदी स्वस्त मिळणारे अनेक कंडेन्सर पहिल्याच उन्हाळ्यात उतरतात. त्याचा अर्थिंगचा स्क्रू घट्ट आहे आणि खालचा धातू रंगविरहित, स्वच्छ आहे हेही पाहावे.

ऑटो अ‍ॅडव्हान्स आणि शाफ्ट

इग्निशन बंद ठेवून कॅम दोन बोटांनी फिरण्याच्या दिशेने पिळावा. तो स्प्रिंगच्या विरोधात थोडा फिरतो आणि सोडल्याबरोबर टच्‌कन मागे येतो. येत नसेल, मध्येच अडकत असेल किंवा आळसावून येत असेल तर प्लेट काढून वजनांच्या पिना स्वच्छ कराव्यात, बारीक तेलाचा थेंब द्यावा आणि स्प्रिंग ताणलेल्या नाहीत ना, हे पाहावे. अडकलेल्या अ‍ॅडव्हान्सवर टायमिंग लावणे निरर्थक आहे : कॅम पुढे अडकलेला असताना लावलेले टायमिंग, तो मोकळा झाल्यावर पार मागे पडलेले निघते. ढिल्या स्प्रिंगमुळे आयडलिंगला ठिणगी कधी लवकर, कधी उशिरा पडते आणि गाडी ठोका चुकवते.

त्यानंतर कॅम आडवा हलवून पाहावा. शाफ्टची बुश झिजली असेल तर कॅम जाणवण्याइतका डगमगतो आणि तेवढा गॅप दर फेरीला बदलतो. अशा गाडीचे टायमिंग कितीही मन लावून लावले तरी एकदा येथे, एकदा तेथे येते. बुश बदलणे हे लेथवाल्याचे काम आहे. ते झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टीडीसी कसा धरावा

चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन प्रत्येक चक्रात दोनदा सर्वांत वरच्या जागी, म्हणजे टीडीसीला, येतो : एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे चुकीच्या टीडीसीवर लावलेले टायमिंग पूर्ण उलटे होते आणि गाडी सुरूच होत नाही. खात्रीचा मार्ग असा की टॅपेटचे झाकण काढावे आणि दोन्ही पुशरॉड बोटांनी फिरवून पाहावेत. दोन्ही सहज फिरत असतील तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत, म्हणजे ते कॉम्प्रेशनचे टीडीसी. याच ठिकाणी, इंजिन थंड असताना, पुशरॉड मोकळे फिरतील पण वर-खाली खेळणार नाहीत, असे टॅपेट जुळवून घ्यावेत. हे काम उरकलेले असले की पुढच्या रस्ता-चाचणीत टॅपेटचा आवाज आणि खणखण यांची गल्लत होत नाही.

पिस्टनची जागा मोजण्यासाठी जुन्या प्लगची चिनीमाती फोडून, त्यातून सरळ दांडी सरकेल अशी मार्गदर्शक नळी लेथवर करून घ्यावी. दांडी अ‍ॅल्युमिनियमची आणि गोल टोकाची असावी, तिचे वरचे टोक वाकवावे, म्हणजे ती आत पडणार नाही. या दांडीविषयी दोन गोष्टी सांगणे जरूर आहे.

पहिली अशी की टीडीसीजवळ पिस्टन जवळजवळ थांबतो. क्रँक टीडीसीपासून तीन अंश पुढे किंवा मागे असला तरी पिस्टन एक दशांश मिलिमीटरही खाली आलेला नसतो. म्हणून ‘आता दांडी सर्वांत वर आहे’ असे डोळ्यांनी ठरवू नये. दांडीवर नळीच्या काठाशी एक खूण करावी, चाक मागे फिरवून दांडी त्या खुणेपेक्षा खाली न्यावी आणि मग पुढे आणत ती खूण जेथे काठाशी येते ती चाकाची जागा खडूने नोंदवावी. तीच खूण टीडीसी ओलांडल्यावर खाली जाताना पुन्हा काठाशी येते, तीही जागा नोंदवावी. टायर आणि स्विंगआर्मवरील या दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे खरे टीडीसी. चेन ढिली असेल तर मधल्या झोलामुळे फरक पडतो, म्हणून दोन्ही वेळा चाक पुढच्या दिशेनेच त्या जागेवर आणावे.

दुसरी अशी की बुलेटच्या प्लगचे भोक तिरपे आहे. दांडी तिरपी चालते, त्यामुळे ती पिस्टनपेक्षा किंचित जास्त सरकते. रोजच्या वापरासाठी ही चूक लहान आहे, पण ज्याला काटेकोर काम करायचे आहे त्याने डाव्या बाजूचे प्रायमरी कव्हर काढून क्रँकच्या टोकाला अंशांची तबकडी लावावी आणि प्लगच्या भोकात पक्का अडथळा बसवून दोन्ही बाजूंनी क्रँक टेकेपर्यंत हळूच फिरवून मध्य काढावा. मला स्वतःला हीच पद्धत अधिक भरवशाची वाटते. त्यासाठी प्रायमरीचे तेल काढावे लागते, तो त्रास मात्र मान्य करावा लागतो.

प्रत्यक्ष टायमिंग

या इंजिनाचे स्थिर टायमिंग, अ‍ॅडव्हान्स पूर्ण मागे असताना, टीडीसीच्या आधी ०.८ मि.मी. आहे. ९० मि.मी. स्ट्रोकवर हे क्रँकच्या साधारण साडेनऊ अंशांइतके होते. आपले मॉडेल वेगळे असेल तर त्याच्या पुस्तिकेतील आकडा घ्यावा. पद्धत तीच राहते.

चाक थोडे मागे नेऊन, मग पुढच्या दिशेने आणत पिस्टन टीडीसीच्या आधी ०.८ मि.मी.वर उभा करावा. खूण ओलांडली गेली तर तेथूनच मागे घेऊ नये; पुरेसे मागे जाऊन पुन्हा पुढे यावे, म्हणजे टायमिंग गिअरच्या दात्यांमधला झोल एकाच बाजूला राहतो.

आता पॉइंट नेमका कोणत्या क्षणी उघडतो ते पाहायचे. डोळ्यांनी ते कळत नाही. एक लहान बल्ब घ्यावा. गाडी ६ व्होल्टची असेल तर ६ चा, १२ ची असेल तर १२ चा. त्याची एक वायर पॉइंटच्या त्या टर्मिनलला जोडावी जेथे कॉइलची वायर येते, आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला. इग्निशन चालू केले की पॉइंट बंद असेपर्यंत बल्ब विझलेला राहतो आणि पॉइंट उघडताक्षणी पेटतो. प्लगची कॅप मोकळी लोंबकळत ठेवू नये. तिच्यात एक प्लग घालून त्याचे अंग हेडला टेकवून ठेवावे आणि तो प्लगच्या उघड्या भोकापासून दूर असावा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येत असते. पॉइंट बंद असताना इग्निशन फार वेळ चालू ठेवल्यास कॉइल तापते, म्हणून पाहणी झाली की चावी बंद करावी.

बल्ब जवळ नसेल तर बुलेटचा अँपिअर मीटर हेच काम करतो. दिवे बंद ठेवून चावी चालू करावी आणि चाक हळूहळू पुढे न्यावे : पॉइंट बंद झाला की सुई वजाकडे झुकते आणि उघडताक्षणी मध्यावर परत येते. जुने चालक याच सुईवर किकची जागा शोधतात. सुई मध्यावर आली की डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) दाबून किक किंचित पुढे सारायची आणि मग पूर्ण किक मारायची. पतंगाच्या कागदाची चिंधी पॉइंटमध्ये धरून ती सुटते केव्हा ते पाहण्याची पद्धतही आहे, आणि बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तेव्हा ती उपयोगी पडते.

पिस्टन ०.८ मि.मी.वर उभा असताना पॉइंटची प्लेट धरणारे दोन्ही स्क्रू जेमतेम ढिले करावेत. प्लेट कोणत्या बाजूला फिरवायची, याबद्दल पाठांतराची गरज नाही. मागचे चाक पुढे फिरवताना कॅम कोणत्या दिशेने फिरतो ते आधी पाहून ठेवावे. प्लेट कॅमच्या उलट दिशेने फिरवली की टायमिंग पुढे जाते. कॅमच्याच दिशेने फिरवली की मागे जाते. बल्ब विझलेला असेल तेथून प्लेट कॅमच्या उलट दिशेने अगदी हळू सरकवावी आणि बल्ब पेटेल त्या क्षणी थांबून स्क्रू आवळावेत. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने प्लेटचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन अंश. प्लेटवर केसाएवढी हालचाल का महत्त्वाची ठरते, ते यावरून लक्षात येईल.

स्क्रू आवळताना प्लेट त्यांच्याबरोबर थोडी फिरते. म्हणून चाक मागे नेऊन पुन्हा पुढे आणावे, बल्ब पेटेल तेथे दांडी पाहावी आणि माप पुन्हा पडताळावे. हेच आणखी एकदा करावे. दोन्ही वेळा बल्ब एकाच जागी पेटला तर काम झाले. वेगवेगळ्या जागी पेटला तर शाफ्टच्या बुशकडे परत जावे.

प्लेट खाचेच्या टोकाला पोहोचूनही माप येत नसेल, तर कॅम शाफ्टच्या टेपरवरून हलला आहे किंवा मागे कुणीतरी तो चुकीच्या जागी बसवला आहे. अशा वेळी मधला बोल्ट काढून कॅम टेपरवरून योग्य पुलरने सोडवावा. हातोडीने ठोकल्यास शाफ्ट वाकते. प्लेट खाचेच्या मध्यावर ठेवून, पिस्टन ०.८ मि.मी.वर आणि अ‍ॅडव्हान्स पूर्ण मागे असताना, पॉइंट नुकता उघडेल अशा स्थितीत कॅम बसवावा, बोल्ट आवळावा आणि मग बारीक जुळवणी प्लेटने करावी. टेपरवर तेलाचा अंशही राहता कामा नये. राहिला तर कॅम पुन्हा घसरतो.

रस्त्यावरची तपासणी

गाडी पूर्ण गरम करून मगच निष्कर्ष काढावा. धुळ्याकडच्यांना लळिंगचा चढ, रावेरकडच्यांना सातपुड्यात पालला जाणारा रस्ता आणि शहाद्याकडच्यांना तोरणमाळचा घाट यासाठी सोयीचा आहे. चढावर वरच्या गिअरमध्ये, इंजिनाला अगदी गुदमरू न देता, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू वाढवत न्यावा. खणखण येत नसेल, किक उलटी येत नसेल आणि उतरल्यावर आयडलिंग स्थिर असेल, तर टायमिंग बरोबर आहे. हलकी खणखण येत असेल तर काजळी आणि मिश्रण तपासूनच प्लेट केसभर मागे घ्यावी आणि पुन्हा बल्बने मोजून पाहावे. गाडी थांबवल्यावर प्लग काढून पाहावा. इन्सुलेटर फिकट तपकिरी असणे चांगले. तो पांढराफटक दिसला तर मिश्रण पातळ आहे, आणि टायमिंग पुढे असेल तर त्यावर धातूचे बारीक ठिपके दिसतात, तेव्हा गाडी पुढे नेऊ नये.

येझदी, जावा किंवा राजदूतसारख्या दोन स्ट्रोकच्या गाड्यांवर तत्त्व तेच आहे, पण कॅम थेट क्रँकवर असतो, म्हणून प्रत्येक टीडीसी कामाचे असते आणि प्लेटचा एक अंश हा क्रँकचाही एकच अंश असतो. फ्लायव्हील मॅग्नेटो असलेल्या गाडीत पॉइंटला समांतर कॉइलची गुंडाळी असते, त्यामुळे साधा बल्ब उजेडाचा फरक दाखवत नाही. तेथे पॉइंटची वायर सोडवावी किंवा कागदाची पद्धत वापरावी.

टायमिंग पक्के झाल्यावर प्लेट आणि डिस्ट्रिब्युटरच्या काठावर टोकदार सुईने एक आडवी रेघ ओढून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी कुणी हलवले असेल तर पाहताच कळेल. नवे पॉइंट घातले असतील तर पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये त्यांची टाच कॅमवर बसते आणि गॅप थोडा कमी होतो. तो एकदा पुन्हा मोजून पूर्ववत करावा. झाकण नव्या पॅकिंगसह बसवावे. वॉशिंग सेंटरवर पंपाची धार डिस्ट्रिब्युटरवर धरू देऊ नये, आणि पावसाळ्यात पाणी शिरलेच तर झाकण काढून आतले सगळे कोरडे पुसून, कॅमला पुन्हा बोटाच्या टोकाएवढेच ग्रीस लावूनच गाडी सुरू करावी.